रेग्युलेटरचं भोक बुजवायला सांगणारं माझं पत्रक

एजन्सीवाले सिलिंडर आपटून निघून जातात, समजावून कुणी सांगत नाही, या संतापात मी पत्रक लिहिलं. आधी प्रयोगही केला. घरच्या रेग्युलेटरवर साबणाचा फेस फासला, नॉब फिरवला, तर टोपीवरच्या बारीक भोकातून एक फुगा आला. झालं, गॅस गळतोय! 'हे भोक मेणाने बुजवा, जीव वाचवा' असं ठळक छापून गल्लीभर वाटलं. आई अंबडच्या कारखान्यात रेग्युलेटर जोडायच्याच लाइनवर आहे. तिला विचारलं नाही, कारण पत्रकं मी लिहिते.

बुद्धपौर्णिमेला गल्लीची खीर समोरच्या मावशींकडे होती. सकाळी त्यांनी आम्हा दोघींना हाक मारली. दोन्ही बर्नरवर पातेली आणि ज्योत पार बसलेली. एक बर्नर बंद केला की दुसरा जरा उठायचा. अकराला खीर विहारात पोचायला हवी होती आणि दुधाला अजून कढ नव्हता. मी एजन्सीच्या नावाने सुरू झाले. मावशी म्हणाल्या, "तुझ्या कागदातलं सगळं केलंय गं मी."

आईने वाकून पाहिलं. भोकावर मेणाचा ठिपका. ते टोकरायला मी पिन घेतली तर तिने हातावर चापट मारली. आतला रबरी पडदा फाटला असता. तिने मला आमचा रेग्युलेटर काढून आणायला पिटाळलं. पत्रकं वाटण्याच्या गडबडीत त्याला मेण लावायचं राहिलं होतं, हे माझं एकमेव सत्कृत्य.

आमचा रेग्युलेटर बसला, सांध्यांना फेस लावून झाला, दोन्ही ज्योती निळ्याशार उभ्या राहिल्या. मावशींनी टाळीच वाजवली. खीर ढवळता ढवळता आई म्हणाली, "पडद्याला वरून स्प्रिंग दाबते, खालून गॅस. बर्नर पेटला की खालचा जोर कमी होतो, स्प्रिंग पडदा खाली ढकलते, झडप उघडते. जोर वाढला की पडदा वर आणि झडप मिटते. पडदा हलायचा तर वरची हवा आत-बाहेर नको व्हायला? तिचं दार तू बंद केलंस."

म्हणजे माझा तो फुगा निव्वळ हवेचा होता. भोकातून फुगे येतच राहिले किंवा वास आला, तर पडदा फाटला असं समजायचं. मग रेग्युलेटरच बदलायचा.

खीर वेळेत पोचली. वंदना झाल्यावर मी माइक घेतला आणि सरळ सांगितलं: पत्रक चुकलं, चूक माझी, मेण लावलेला रेग्युलेटर वापरू नका, टोकरूही नका, बदलून घ्या. मागून एक आजी म्हणाल्या, "बाई, वाटायच्या आधी आईला दाखवत जा." विहारभर हशा पिकला, त्यात मीही होते. खिरीचे द्रोण तसेच हातात घेऊन अर्धी गल्ली आपापल्या घरी रेग्युलेटर बघायला निघाली, आणि आई पुढे.