तळ्यात शिरणारं पाणी

मिसिसिपी नदीने जुनं पात्र सोडलं, तिथे मागे एक लांबट तळं राहिलं. त्याच्या काठाशी ओझेला पेटवे रोज सकाळी एक काडी रोवते आणि आदल्या दिवशीची काडी किती बुडाली ते बघते. अठ्ठावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, तेव्हाही पहिल्या फेरीआधी ती इथे डोकावून जायची. लहानपणी आईशेजारी बसून बांबूच्या काठीने क्रॅपी मासे धरायची, तेव्हापासूनची ही खोड. पाणी का चढलं, का उतरलं, हे कळेपर्यंत तिला चैन पडत नाही.

त्या शुक्रवारी मात्र नुसती उत्सुकता पुरणार नव्हती. शनिवारी चर्चचं तळलेल्या माशांचं जेवण होतं. सत्तर माणसं जेवणार, आणि मासे आपल्याच लोकांनी याच पाण्यातून आणलेले हवेत, ही जुनी रीत. आठवडाभर पाणी फुगलेलं आणि गढूळ. फ्रीझरमध्ये होते जेमतेम वीस मासे.

"मिस ओझेला, नदी आठ इंच उतरली!" चर्चचे कारभारी लुशियस बँकहेड मोबाइल नाचवत म्हणाले. "पाणी उतरलं की क्रॅपी काठची झुडपं सोडून खोलात जाते. आम्ही पाचही बोटी डोहाकडे नेतोय."

"नदी उतरली हो, पण तळ्याचं काय?"

"तळं काय नदीचं सावत्र आहे?"

"सख्खंच आहे, पण आळशी आहे."

लुशियस हसत निघून गेले. ओझेलाने आपली बोट नदी आणि तळं जोडणाऱ्या अरुंद नाळेकडे नेली आणि इंजिन बंद करून बसली. पाण्यावरचा फेस, काटक्या, सगळं हळूहळू तळ्यातच शिरत होतं. म्हणजे नदी उतरूनही अजून तळ्यापेक्षा उंच होती, आणि तळं चढतच होतं. चढत्या पाण्यामागून मासे काठच्या बुडालेल्या झुडपांत शिरतात. पण कुठल्या झुडपांत? क्रॅपी भक्ष्य बघून धरते, तिला निवळ पाणी लागतं. तिने बरणीचं पांढरं झाकण दोरीने पाण्यात सोडलं. नाळेपाशी ते वीतभरातच दिसेनासं झालं. तळ्याच्या पार मागच्या टोकाला मात्र हातभर खाली गेलं तरी दिसत होतं. तिथेच तिने गळ टाकला.

दोन तास एकही मासा लागला नाही.

"मग चुकतंय कुठे?" ती स्वतःशीच पुटपुटली. मनगट बुडवून पाहिलं, तर पाणी गारठलेलं. सायप्रस झाडांची सावली अजून झुडपांवरून हटली नव्हती. जागा बदलायची की थांबायचं? थांबायचं ठरवून तिने डबा उघडला आणि सँडविच खाल्लं.

ऊन झुडपांवर आलं, आणि थोड्या वेळाने गळाच्या दोरीवरचं तरंगतं बूच बुडायच्या ऐवजी पाण्यावर आडवं झालं. क्रॅपी खालून वर येत आमिष उचलते, ते असंच. दोन वाजेपर्यंत तिच्या परवान्यावर चालतात तेवढे, तीस मासे झाले. फ्रीझरमधले वीस धरून पन्नास. सत्तर माणसांना ते काय पुरणार?

आता खरी पंचाईत. इथे लोक क्रॅपीची जागा नवऱ्यालाही सांगत नाहीत. ओझेलाने तर आजवर सख्ख्या बहिणीलाही थापाच मारल्या होत्या. ती पाच मिनिटं मोबाइल हातात धरून बसली. मग तिने लुशियसना फोन लावला.

"किती मिळाले?"

"चार," लुशियस चिरक्या आवाजात म्हणाले. "त्यातला एक लाजून परत गेला."

"मागच्या टोकाला या. सगळे या. आणि बोटी वल्हवत आणा, इंजिनं लांबच बंद करा."

अर्ध्या तासात पाच बोटी झुडपांभोवती गोळा झाल्या. पाचवा मासा वर ओढताना लुशियस म्हणाले, "मिस ओझेला, गेली बघा तुमची जागा. उद्यापासून सगळं गाव इथेच येणार."

"येऊ द्या की. उद्या-परवा तळं उतरायला लागलं की इथे नुसता चिखल उरेल."

"आणि मासे?"

"ते कुठे जातात, तेच तर मला बघायचंय," ओझेला म्हणाली. "आणि ते मात्र मी कुणाला सांगणार नाही."