तोंडपाठ ओळ

काका रोज सकाळी ट्रकभोवती एक फेरी मारत. लाकडी दांडक्यानं एकेक टायर ठोकून आवाज ऐकत, ब्रेक आणि दिवे बघून तपासणीच्या कागदावर सही करत. मग यार्डाच्या पार टोकाची एखादी गाडी निवडून तिचा नंबर मोठ्यानं वाचत, आधी डावा डोळा झाकून, मग उजवा.

"काका, आज कुणाचं चलन फाडताय?" बाकीचे ड्रायव्हर ओरडत.

"तुझंच. दात न घासता आलास म्हणून," काका म्हणत.

या सवयीमागचं कारण मला फार उशिरा कळलं. त्यांच्या हेवी लायसन्सच्या नूतनीकरणाचा अर्ज मी भरत होते. 'दृष्टी' या रकान्यात मी न विचारताच 'चांगली' लिहून मोकळी झाले. काका त्या शब्दाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात त्यांनी मेहुण्याची गोष्ट सांगितली.

मेहुणा म्हणजे काकूचा धाकटा भाऊ, तोही ट्रकवरच. त्याचा डावा डोळा अधू होता. लायसन्सच्या मेडिकल तपासणीच्या खोलीत वर्षानुवर्षं डोळे तपासायचा एकच तक्ता टांगलेला होता, त्याची शेवटची ओळ काकांना तोंडपाठ होती. ती त्यांनी केबिनमध्ये बसून मेहुण्याकडून घोकून घेतली. तो पास झाला, दोघं पोट धरून हसले. चार महिन्यांनी गोदामात ट्रक मागे घेताना डावीकडे उभा असलेला हमाल मेहुण्याला दिसला नाही. हमालाचा पाय गेला. चौकशीत आरसा सैल असल्याचं लिहिलं गेलं. काकांना कुणी काही विचारलं नाही, आणि तेही बोलले नाहीत.

"आता माझाच डावा डोळा धूसर झालाय," ते म्हणाले.

"मग हे खोडू?"

"राहू दे." अर्ज माझ्याकडे सरकवत म्हणाले, "ट्रक सोडला तर मी करू काय गं दिवसभर?"

मी खोडलं नाही. तपासणीला त्यांच्यासोबत मीच गेले. रांगेतला एकजण कुजबुजला, "काका, निर्धास्त जा. तक्ता तोच आहे." मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

आत डॉक्टरांनी काकांचा उजवा डोळा झाकला. "शेवटची ओळ वाचा."

काकांनी पहिलं अक्षर म्हटलं, दुसरं म्हटलं, आणि थांबले.

"डॉक्टर, ही मला पाठ आहे. दिसत नाहीये."

डॉक्टरांनी कपाटातून दुसरा तक्ता काढला. त्यातल्या वरच्या दोनच ओळी काकांना वाचता आल्या. शेरा पडला, 'अवजड वाहनासाठी अपात्र'.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बरं केलंत, काका."

"बरं तेव्हा करायला हवं होतं," ते म्हणाले आणि यार्डात किल्ली द्यायला गेले.

पुढे वर्षभर ते घरीच होते. सकाळी माझ्या स्कूटरभोवती फेरी मारत, दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून बघत. ते वारले, त्या दिवशी सकाळीही त्यांनी टायर दाबले. मला कॉलेजला उशीर होत होता, मी घाईनं स्कूटर मागे घेऊ लागले.

दारातून काका म्हणाले, "आधी मागे बघ गं, मग काढ."