बिनकाट्याचा मासा

"काटे नाहीत ना?"

नाशिकला सोमेश्वरच्या पुढे गोदावरीच्या काठावर मासळीचं जे हॉटेल आहे, तिथे हल्ली प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न हाच येतो. वायफाय, पार्किंग, नदीकडेची खुर्ची, सगळं त्याच्यानंतर. आणि या प्रश्नाचं उत्तर आत किचनमध्ये खिडकीजवळच्या स्टुलावर बसलेलं असतं. उत्तराचं नाव आक्काबाई.

आक्काबाई गंगापूर गावची. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं सुकी, आवाजानं भरलेली. नवरा धरणात जाळं टाकायचा, ही पाटी घेऊन बाजारात बसायची. नवरा गेल्यावर पाटीही सुटली. हे हॉटेल नवीन उघडलं तेव्हा मालकांनी तिला मासे कापायला ठेवून घेतलं. तेव्हाचं गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं. चौघं-पाचजण, बहुतेक पुरुषमंडळी. बांगडा अख्खा मागवायचे, खेकड्याच्या नांग्या दाढेखाली फोडायचे आणि उठताना ताटाच्या कडेला काट्यांचा ढीग ठेवून जायचे.

"ढीग बघितला का समजायचं, माणूस जेवला," आक्का म्हणते. "आता ताटं कशी येत्यात? पुसल्यावानी. जेवले का फोटोच काढले, कळत नाय."

कारण आता रविवारची सकाळ बदलली आहे. नाशिकचा रविवार म्हणजे मिसळ, हे होतंच. पण आता मिसळीच्या रांगेतली निम्मी माणसं उशिरा उठून, अकराला गॉगल लावून नदीकाठी 'ब्रंच'ला येतात. सोबत पोरं, आज्या, एखादं स्वेटर घातलेलं कुत्रंसुद्धा. कोळंबीची मिसळ मागवतात. पापलेट-सुरमई मुंबईहून बर्फात येते हे कळल्यावर नाक मुरडतात, कारण नदीकाठी बसून नदीचाच मासा खायचा ही नवी हौस. मालकांनी मग स्नेहा नावाची तरणी शेफ आणली. तिने धरणातल्या रोहूची पॅटी बसवली, वर अर्धकच्चं अंडं, आणि मेनूत छापून टाकलं : 'गोदाकाठचा मासा. बिनकाट्याचा. लहानांसाठीही.'

ते वाचून दाखवलं तेव्हा आक्का खो-खो हसली होती. "रोहू आन बिनकाट्याचा? ताई, त्याच्यापरीस बिनपाण्याची नदी शोधा."

"पण तुम्ही काढाल ना, आक्का?"

"मी काढंन. मासा देणार हाय का काढून?"

तिनं काढले. तिची रीत अशी : स्टीलची वाटी ओट्यावर उपडी घालायची आणि माशाचा तुकडा तिच्यावर पांघरायचा. तुकडा वाकला की मांस ताणलं जातं आणि आतले काटे डोकं वर काढतात. मग अंगठा शेपटीपासून मानेकडे फिरवायचा. लागला काटा की चिमट्यानं ओढायचा. शेपटीकडचे केसासारखे काटे चिमट्याला दाद देत नाहीत, ते दोन नखांत धरायचे. काढलेला काटा फेकायचा नाही. ओल्या थाळीच्या कडेला ओळीनं चिकटवायचा, मोठ्यापासून बारक्यापर्यंत. एका तुकड्याचा एक कंगवा. कंगव्यात फट दिसली तर समजायचं, एक काटा अजून आत आहे.

स्नेहानं एकदा हातमोजे आणले होते. "आक्का, किचन आता बाहेरून दिसतं. लोक बघतात."

"बघू द्या. मोज्यात काटा लागत नाय. अंगठ्याला डोळा असतोय, ताई. त्याला पट्टी बांधता व्हय?"

स्नेहा हसून मोजे परत घेऊन गेली. ही गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. तेव्हा आक्का जे बोलली ते खरं होतं.

पावसाळा संपता संपता एके दिवशी भाकरी उलटताना तिचं बोट तव्याला लागलं. ते तिला कळलं वासावरून. दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, साखर आहे, बरीच जुनी दिसते, बोटांची जाणीव जाते अशानं, जपा. तिनं गोळ्या घेतल्या आणि कागद पिठाच्या डब्याखाली सारला. सुनेला म्हणाली, थंडीनं बोटं बधिरलीत. थंडी तेव्हा पडायची होती.

कामावर तिनं अंगठ्याचं काम डोळ्याला आणि कानाला वाटून दिलं. रोहूचा काटा काचेसारखा, पण खिडकीतून तिरपं ऊन आलं की चमकतो. आणि चिमट्यातून थाळीत पडताना बारीक 'टिक' वाजतो. चमकला, ओढला, टिक, मग कंगव्यात लावला. तीन महिने असे निघाले. कुणाला काही कळलं नाही. रात्री मात्र झोपेत तिचा अंगठा चादरीवर फिरत राहायचा, शेपटीकडून मानेकडे.

आणि मग डिसेंबरातला तो रविवार आला. नदीवर धुकं बसलेलं. आक्का किचनमध्ये शिरली आणि दारातच थांबली. तिच्या खिडकीला पांढरं कापड.

"हे काय रं, गोरक्ष?"

गोरक्ष म्हणजे तिथला कॅप्टन, बाहेरच्या सगळ्या टेबलांचा धनी. मूळचा नांदगावचा, आता इस्त्रीच्या शर्टात फिरतो.

"लाइव्ह काउंटर, आक्का! अंडी समोर फोडून देणार. सगळीकडे आहे, आपल्याकडेच नव्हतं. त्याच्या बॅनरची पाठ आलीय तुमच्या खिडकीला."

"आन माझं ऊन?"

"ट्यूब आहे की वर!"

ट्यूबच्या उजेडात रोहूचा तुकडा सपाट दिसतो. पिठाच्या गोळ्यासारखा. आक्कानं वाटी उपडी घातली, तुकडा पांघरला, तोंड खाली नेलं. एक दिसला. ओढला. थाळीत टाकला. तोच बाहेर स्पीकर घरघरला आणि कुणीतरी गिटार छेडली.

"हे आन काय?"

"गिटारवाला," पलीकडे कोथिंबीर चिरत स्नेहा म्हणाली. "दर रविवारी येणार आता. छान वाटतं ना?"

"लय छान," आक्का म्हणाली. तिला टिक ऐकू आलं नव्हतं.

बोलावं का? ताई, मला ऊन पाहिजे आणि शांतता पाहिजे. मग ताई विचारणार, का? अंगठ्याला डोळा आहे ना तुमच्या? आक्का अंगठा जोरानं दाबू लागली, जसं काही दाबल्यानं आतला माणूस जागा होईल.

अकरा वाजता बाहेर खुर्च्या ओढल्या गेल्या आणि गोरक्ष दारातून ओरडू लागला. "दोन पॅटी! काटे नाहीत ना विचारतायत."

"सांग नाय म्हणून!"

"अजून दोन! एक लहान मुलीला."

हातातला रोहू संपत आला होता. शेपटीकडचा शेवटचा तुकडा तिनं घाईत केला. बारके काटे नखांत धरून ओढले, ओले, निसटते. मांस हातानं मोकळं करून स्नेहाकडे सारलं. मिक्सरला ते लावत नाहीत, माशाचे धागे राहिले पाहिजेत असं स्नेहाचं म्हणणं. तव्यावर चर्र झालं, अंडं चढलं, प्लेट गेली.

मग आक्का थाळी धुवायला उठली आणि तिची नजर कडेवर गेली.

शेवटच्या कंगव्याला दात कमी होता. बारक्या टोकाकडे, एक. फट सरळ दिसत होती, लहान पोराच्या पडलेल्या दातासारखी.

तिनं थाळी पालथी केली. ओटा चाचपला, मग आठवलं की चाचपून उपयोग नाही, म्हणून गाल ओट्याला टेकवून बघितलं. जमीन बघितली. वाटी उचलून बघितली. काही नाही.

"गोरक्ष! आत्ताची पॅटी कुठं गेली?"

"चार नंबरला. नदीकडेच्या. का?"

"कुणाला?"

"सांगितलं ना, लहान मुलीला. सहा-सात वर्षांची असेल. आक्का? ओ आक्का, कुठे चाललात?"

किचनची बाई बाहेर डेकवर येत नाही, असा तिथे कुणी न लिहिलेला नियम आहे. आक्का ओल्या एप्रननिशी, रबरी चपला फटफटवत टेबलांमधून निघाली. गिटारवाल्यानं बाजूला होत एक सूर चुकवला.

चार नंबरला आई, बाप, आजी आणि नात. नातीच्या काट्या-चमच्यावर घास तयार. आईचा फोन तिच्या तोंडासमोर.

"थांब बाळा! खाऊ नको!"

मुलगी थांबली. आई फोन खाली न घेता म्हणाली, "काय झालं?"

"काटा ऱ्हायलाय. त्याच्यात. एक."

"मेनूत तर लिहिलंय..." बाप उठलाच. "राहिलाय म्हणजे नक्की?"

"बहुतेक."

"बहुतेक?"

"तरी मी म्हणत होते, मिसळ खायला जाऊ," आजी म्हणाली. नाकाला रुमाल, पायात मोजे, शाल घट्ट. "ए, आ कर बघू. किती खाल्लंस?"

"दोन घास."

"टोचलं का कुठे?"

मुलीनं गिळून बघितलं. सगळं टेबल तिच्या गळ्याकडे बघत होतं. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि सगळ्यांचे चेहरे बघून तिचे डोळे भरले.

"कोरडा भात मागवा, गोळा करून गिळू द्या," आजी म्हणाली.

"आई, भात काय? दवाखान्यात न्यावं लागेल!"

तोवर स्नेहा धावत आली होती. गोरक्ष मागे, हात चोळत. "सर, एक मिनिट, सर, आक्का जरा..."

आक्काला कुणाचं ऐकू येत नव्हतं. तिनं प्लेट ओढून घेतली आणि उन्हात धरली. धुकं फाटत होतं, नदीकडून तिरपं ऊन येत होतं, तिचं ऊन, जे आज बॅनरच्या अलीकडे अडलं होतं. तिनं पॅटी मोडली. मांस पसरलं. कण कण उलटला. पांढरं, कोवळं, स्वच्छ. काही चमकेना. याचा अर्थ काटा त्या दोन घासांत गेला होता.

तिनं टेबलाची कड धरली.

मुलगी तिच्या हाताकडे बघत होती. रडं विसरून, मान वाकडी करून.

"आजी, तुमच्या बोटात काहीतरी आहे."

उजवा अंगठा. नखाच्या शेजारी, जाड कातडीत रुतलेला, उन्हात काचेच्या धाग्यासारखा उभा. रक्ताचा थेंब नाही.

"मी काढू?" मुलीनं विचारलं, आणि कुणी काही बोलायच्या आत दोन चिमुकल्या नखांत धरून ओढला. केसासारखा बारका निघाला. "दुखलं?"

"नाय गं माझी बाय," आक्का म्हणाली. तिच्या छातीतून हवा सुटली, डोळ्यांतून पाणी. "अजाबात नाय."

बाप हसत खाली बसला. "बघा! म्हणजे पॅटी क्लीन होती!" आईनं फोन एकदाचा टेबलावर ठेवला. गोरक्ष घाईघाईनं म्हणाला, "सर, गोड आमच्याकडून."

आजी तेवढी हसली नाही. आक्काचा अंगठा तिनं आपल्या हातात घेतला आणि पालथा करून बघितला.

"साखर आहे का तुम्हाला?" ती म्हणाली. "माझं पायाला असंच आहे. खिळा घुसला होता, चप्पल काढली तेव्हा कळलं."

हळूच बोलली होती. पण स्नेहा शेजारीच उभी होती.

किचनमध्ये परत आल्यावर स्नेहानं पाण्याचा ग्लास पुढे केला. आक्कानं घेतला नाही.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपास्नं."

"आणि इतके दिवस..."

"एकबी काटा गेलेला नाय, ताई. एकबी नाय. कंगवा बघून सोडायचे मी. ऊन होतं, आवाज होता..." ती थांबली. "आज नव्हता."

स्नेहानं खिडकीकडे बघितलं, पांढऱ्या कापडाकडे. मग स्पीकर ज्या भिंतीपलीकडे वाजत होता, त्या भिंतीकडे. बाहेर जाऊन कापडाचं एक टोक सोडलं. ओट्यावर उन्हाची पट्टी पडली, हातभर.

"तीन पॅटी!" गोरक्षचा आवाज. "काटे नाहीत ना विचारतायत."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. खोक्यात एकच रोहू उरला होता. स्नेहानं स्टूल ओढलं आणि आक्काच्या जागेवर बसली. आक्का उभी राहिली. स्वतःच्या स्टुलाशेजारी असं उभं राहायची तिला सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत कळेना, तिनं ते एप्रनखाली लपवले.

"इथे?"

"फुडं. शेपटीकडनं वर या. दाबू नका, नुसता फिरवा."

"इथे काही लागत नाही."

"लागंल. चमकतंय मला."

"आई गं!" स्नेहानं अंगठा तोंडात घातला.

"त्योच," आक्का म्हणाली.

काटा ओल्या थाळीच्या कडेला लागला. मग दुसरा. मग तिसरा, वाकडा. आक्का वाकून ओळ बघत होती, फट पडू नये म्हणून श्वास धरून.

"ताई," ती म्हणाली, "उद्या येऊ का मी?"

स्नेहानं मान वर केली नाही. तिचा अंगठा माशावरून हळू, भीत भीत सरकत होता.

"उद्या आधी दवाखान्यात जाऊ. दोघी," ती म्हणाली. "मग बोलू."

बोलू. आक्कानं तो शब्द मनात पालथा घालून बघितला, सगळ्या बाजूंनी. कुठे टोचतोय, ते तिला कळेना.

"तीन पॅटी झाल्या का?" बाहेरून गोरक्ष ओरडला.

"थांब!" दोघी एकदम म्हणाल्या.