चौदावा फर्मा

माझ्या आत्याला घरात सगळे ‘एकपुस्तकी’ म्हणायचे, आणि हे नाव ठेवणारी मीच. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला माझ्या विनोदाचं केवढं कौतुक वाटलं होतं! आजोबा उपदेशक, वडील शाळामास्तर आणि मी शिक्षिका. तिघांनी मिळून धार्मिक पुस्तकांनी चार कपाटं भरली आणि मग पलंगाखालची जागा भरायला घेतली. प्रार्थना कशी करावी यावर नऊ पुस्तकं, क्षमेवर सहा, नम्रतेवर अकरा. त्यातली नम्रतेची पुस्तकं पाहुण्यांना दारातूनच दिसावीत अशी मांडलेली. आणि आत्याच्या उशाशी बायबलमधलं एक शुभवर्तमान, तळहाताएवढं, कडा झिजलेलं, पाठीला तिनेच तीनदा नवं कापड लावलेलं. संपली तिची लायब्ररी.

गंमत म्हणजे पुस्तकं बांधणं हेच तिचं काम. चर्चच्या मंडळीच्या छापखान्यात बांधणीच्या खोलीत तिने चौतीस वर्षं काढली. तिथे एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि त्याची घडी घालतात, त्याला म्हणायचं फर्मा. असे वीस-तीस फर्मे एकावर एक रचले, सुईदोऱ्याने शिवले, वर पुठ्ठा चढवला की झालं पुस्तक. लांबलचक टेबलावर फर्म्यांचे गठ्ठे ओळीने मांडलेले असायचे आणि आत्या टेबलाच्या कडेकडेने चालत प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक उचलत जायची. आतलं वाचायला वेळ कोणाला? प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा छापलेला असतो, तेवढा बघायचा. एक, दोन, तीन करत तीसपर्यंत आकडे नीट लागले की पुस्तक नीट लागलं.

“अगं, एवढी पुस्तकं हाताखालून जातात, एखादं वाचावंसं नाही वाटत तुला?” मी एकदा विचारलं होतं.

“वाटतं की. पण आहे त्यातलंच अजून होत नाही माझ्याच्यानं.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे काही नाही. चहा गार होतोय तुझा.”

तिची शेजारीण एक नंबरची भांडखोर. जिन्यात बादली ठेवली म्हणून भांडली, मग बादली उचलली म्हणून भांडली. आत्या दर वेळी दोन दिवस थांबायची आणि स्वतःच तिच्या दारात जाऊन उभी राहायची. “झालं ते झालं, बाई. येतेस का बसायला?” मला तर संताप यायचा. चूक त्या बयेची आणि पडतं घ्यायचं आमच्या आत्याने! क्षमेवर आमच्याकडे सहा पुस्तकं होती आणि आत्याकडे एक शेजारीण होती. पण हे मला फार उशिरा कळलं.

तर आमच्या चर्चचे म्हातारे पाळकसाहेब निवृत्त झाले आणि त्यांनी आपला ग्रंथ छापायला दिला. विषय प्रार्थना. पानं चारशे ऐंशी. बावीस वर्षं लिहीत होते. बायको गेली तेव्हा लिहीत होते, मुलाचं लग्न झालं तेव्हा लिहीत होते. तीनशे प्रती काढल्या. एका रविवारी उपासनेनंतर प्रकाशन झालं, भाषणं झाली, आणि प्रत्येक घरात एकेक प्रत गेली. आत्याला त्यांनी स्वतःच्या हाताने दिली. “ताई, तुम्ही शिवलंय. तुम्ही वाचा.”

“वाचते,” आत्या म्हणाली.

इथेच सगळं आलं. आपण ‘वाचते’ म्हणतो ते ‘या एकदा घरी’ म्हणतो तसं. कोण येतंय आणि कोण बोलावतंय! पण आत्या बोलली म्हणजे बोलली. दुसऱ्या दिवसापासून कामावरून आली की हातपाय धुऊन, चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवून रोज एक पान. समजलं नाही तर तेच पान दुसऱ्या दिवशी परत. “काय आत्या, कुठवर पोचली गाडी?” मी विचारायची. “एकशे बारा,” ती अगदी गंभीरपणे सांगायची आणि मी हसून घ्यायची.

मी काय केलं, तेही सांगून टाकते. मंडळीच्या मासिकात पुस्तकावर अभिप्राय लिहायला मला सांगितलं. मी प्रस्तावना वाचली, शेवटचं पान वाचलं, मधे चार ठिकाणी बोट घातलं आणि दोन पानं खरडली. ‘पानापानावर मोती विखुरले आहेत’, ‘मधली प्रकरणं म्हणजे तर कळसच’. सगळ्यांनी वाहवा केली. पाळकसाहेबांचं आभाराचं पत्र आलं, ते मी जपून ठेवलं.

सात महिने गेले. एका संध्याकाळी आत्या पुस्तक छातीशी धरून आली. तोंड पांढरं पडलेलं.

“हे बघ गं. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय.”

दोनशे आठव्या पानाच्या शेवटी पाळकसाहेबांनी लिहिलं होतं की दुःखात शब्द आटतात, तोंडातून काहीच निघत नाही, आणि अशा वेळी माणसाने… समोरचं पान बघितलं. दोनशे नऊवर होतं, पहिल्या दिवशी फक्त कोमट पाणी घ्यावे व जड कामे टाळावीत. पुढे पूर्ण सोळा पानं उपवास कसा करावा, कसा सोडावा, पित्त झालं तर काय. मग दोनशे पंचवीसवर आपलं परत प्रार्थनेचं अर्धं वाक्य.

मी पोट धरून हसले. हसता हसता बघितलं तर आत्याच्या डोळ्यांत पाणी.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाऊन तिने शोध लावला. त्याच आठवड्यात उपवासावरचं एक पुस्तकही छापून आलं होतं. कागद तोच, आकार तोच, अक्षर तेच. ते बिचारं कोणा मोठ्या माणसाच्या प्रस्तावनेसाठी अडून बांधायचं राहिलं होतं. मांडामांडीत दोन्ही पुस्तकांच्या चौदाव्या फर्म्यांच्या गठ्ठ्यांची अदलाबदल झाली. आत्याने उचलताना आकडा बघितला. चौदा. बरोबर. पानांचे आकडेही तेच, दोनशे नऊ ते दोनशे चोवीस. पाळकसाहेबांची सोळा पानं तीनशे घड्यांच्या गठ्ठ्यात, उपवासाच्या पुस्तकाबरोबर, धूळ खात पडली होती.

तिने माझी प्रत बघितली. तेच. चर्चच्या कपाटातली बघितली. तेच. आणि तेव्हा कुठे माझं हसू मावळलं. तीनशे घरं, सात महिने, आणि कोणाच्या म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या तर ‘कळसा’तच कोमट पाणी होतं!

छापखान्याचे व्यवस्थापक म्हणाले, “कोणी तक्रार केली का? नाही ना? मग बाई, तुम्ही कशाला उकरून काढताय?” मला त्यांचं म्हणणं एकदम पटलं. पाळकसाहेबांनी दोन महिन्यांपासून अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यांचा जीव त्या पुस्तकात होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता त्यांना जाऊन सांगायचं, की साहेब, तुमचं पुस्तक मधेच भलतंच झालंय आणि त्याहून वाईट म्हणजे ते कळण्याइतकं कोणी वाचलेलंच नाही?

“काही सांगायचं नाही,” मी आत्याला बजावलं.

“ते विचारतात गं. दर रविवारी भेटायला जाते तेव्हा पहिलं तेच विचारतात, ताई, कुठवर आलात? आता काय सांगू?”

“सांग, छान चाललंय.”

“पण नाही ना चाललेलं.”

माझा पारा चढला. “तुझ्या खरेपणाला काही धरबंद आहे का गं? बावीस वर्षं घातली त्या माणसाने! चार दिवसांचा सोबती आहे. सुखाने जाऊ दे ना त्यांना! तुझं मन हलकं करायला त्यांच्या छातीवर दगड ठेवशील?”

ती पदराने चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, “भीती तर मलाही वाटते. त्यांना काही झालं तर माझ्याच्यानं सहन नाही व्हायचं. पण मी तिथे बसते तेव्हा ते म्हणतात, ताई, जरा प्रार्थना करा. खोटं बोलून त्याच तोंडाने प्रार्थना कशी करू? मला नाही जमत. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला जमत असेल.”

टोमणा नव्हता तो. टोमणे मारणं तिला यायचंच नाही, म्हणून तर जास्त लागलं.

रविवारी दुपारी मी तिच्याबरोबर गेले. वेळ पडली तर सावरून घ्यायला, असं मी म्हणाले. खरं म्हणजे माझ्या अभिप्रायाची अब्रू वाचवायला. पाळकसाहेबांची खोली म्हणजे आमच्याही वरताण. चारही भिंतींना पुस्तकं, खिडकीत पुस्तकं, औषधाच्या बाटल्यासुद्धा पुस्तकांच्या चवडीवर. मधे खाटेवर ते, अगदी एवढेसे झालेले. सुनेने आम्हाला स्टुलं दिली.

“या ताई,” ते म्हणाले. “कुठवर आलात?”

“दोनशे आठवर थांबलेय, साहेब,” आत्या म्हणाली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. गठ्ठे, आकडे, उपवास, सगळं. “चूक माझी आहे. मी आकडा बघितला, आतलं बघितलं नाही. तीनशेच्या तीनशे प्रती तशाच गेल्यात. मला माफ करा.”

“अहो, तसं काही फार नाही,” मी मधेच घाईघाईने सुरू केलं, “वाचताना मुळीच—”

त्यांनी हात वर केला. सून दारात थबकली. आत्याने डोळे मिटून घेतले होते.

“मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं,” पाळकसाहेब म्हणाले.

आत्याने डोळे उघडले.

“त्या रविवारी घरी आलो, पुस्तक उघडलं, आणि काय, कोमट पाणी. असा संताप आला! चपला घालून छापखान्यात निघालो होतो. मग दारात थांबलो. म्हटलं, थोडी वाट बघू. कोणीतरी येईल सांगायला. आठवड्याभरात येईल.” ते दम घ्यायला थांबले. “पत्रं आली. एकोणीस. सगळी गोड गोड. छापखान्यात जायचा धीर मग झालाच नाही. गेलो असतो तर लोकांना विचारावं लागलं असतं, तुम्हाला दिसलं नाही का म्हणून.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचा अभिप्राय तर मी दोनदा वाचला.”

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मायेने म्हणाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

“म्हणून तुम्हाला विचारत होतो, ताई,” ते आत्याला म्हणाले. “दर रविवारी. पान सांगायचात तुम्ही, आणि मी मनात मोजायचो, अजून साठ राहिली, अजून वीस राहिली. तेवढे दिवस मला मिळावेत, एवढंच मागत होतो. दुसरी प्रार्थना नव्हती माझी.”

आत्या रडायला लागली. रडता रडताच पिशवीत हात घालून तिने एक घडी काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांचा चौदावा फर्मा. “सगळे पडलेत तसेच. मी घरोघर जाऊन प्रती गोळा करते, साहेब. सगळ्या उसवते, परत शिवते. मला वर्ष लागलं तरी चालेल.”

म्हातारे हसले. हसताना खोकल्याची उबळ आली, सुनेने पाणी दिलं. “सगळ्या कशाला? कोणासाठी?” ते म्हणाले. “तुमची आहे का जवळ? तुमची तेवढी करा. वाचणाऱ्याची प्रत पूर्ण हवी.”

सुनेने कात्री आणून दिली. सुईदोरा आत्याच्या पिशवीत कायम असायचाच. खाटेच्या कडेला बसून तिने टाके कापले, उपवासाची सोळा पानं अलगद काढून बाजूला ठेवली आणि हात पुढे केला. पाळकसाहेब आपला फर्मा वाचत होते. तिने घाई केली नाही. त्यांचं वाचून झालं, तेव्हा त्यांनी तो दिला, आणि ती मधल्या घडीतून सुई घालून शिवायला लागली.

माझीही प्रत आणते, तीही कर, असं म्हणायला मी दोनदा तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.