दवाखान्यातून बोलतेय, घाबरू नका

कुठल्याही ऑफिसात चार-पाच वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. बँकेत पैशांचे साचतात, शाळेत पोरांचे. आमच्याकडे साचतात ते भीतीचे!

जबलपूरच्या एका हाडांच्या दवाखान्यात मी रिसर्चचं काम करते. म्हणजे काय, तर खुबा किंवा गुडघा बदलून घेतलेल्यांना सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं फोन लावायचा. दुखतं का? जिना चढता का? मोजे स्वतः घालता का? उत्तरं फॉर्मवर लिहायची, म्हणजे ऑपरेशनचा माणसाला खरंच किती फायदा झाला ते कळतं. माझं पहिलं वाक्य ठरलेलं: “अस्पताल से बोल रही हूँ, घबराइए मत.” हे ‘घबराइए मत’ ऐकून माणूस जो काही घाबरतो!

मी हसायचे. मग माझ्याच आईच्या गुडघ्याची तारीख ठरली, आमच्याच दवाखान्यात. दोन वर्षं भिंत धरून चालणाऱ्या आईला मीच मागे लागून तयार केलं होतं. ती तयार झाली आणि माझी झोप उडाली. घरी मी फक्त चांगलेच किस्से सांगायचे. तुम्हाला सगळेच सांगते.

*

पनागरचे एक कक्का आहेत, भाजीची शेती करणारे. पहिल्यांदा फोन लावला तर पलीकडून आवाज आला, “मैं घर पर नहीं हूँ!”

“तो फिर बोल कौन रहा है?”

“उनका छोटा भाई.”

म्हटलं, ठीक. “भैया, उनका घुटना कैसा है?”

“एकदम बढ़िया! बस, वापस मत माँगना.”

गावात कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की दवाखान्यातून फोन आला म्हणजे चुकीचा गुडघा बसलाय, आता काढून घेतात. मी हजारदा समजावलं. काही उपयोग नाही. वर्षभर मी कक्कांची तब्येत त्यांच्या या धाकट्या भावाकडूनच लिहून घेतली. तो बोलत असताना मागे काकी खो-खो हसत असायच्या.

*

नर्मदेच्या ग्वारीघाटावर एक फुलवाली दीदी आहे. फॉर्ममधला प्रश्न: पायऱ्या उतरता का? दर वेळी उत्तर, “उतरती हूँ ना!”

आमचे फिजिओथेरपिस्ट मेश्रामदादा एकदा घाटावर गेले, तर ही बाई टोपली घेऊन पार वर, रस्त्याला लागून बसलेली. आधी तिची जागा अगदी पाण्याजवळ होती. तिथंच एकदा ओल्या पायरीवरून ती घसरली होती. ऑपरेशननंतर ती एक पायरीसुद्धा उतरली नव्हती.

दादा म्हणाले, “दीदी, एक्स-रे बढ़िया, घुटना पूरा मुड़ रहा है. डर किस बात का?”

“घुटना नया है भैया,” ती म्हणाली. “मैं तो वही हूँ.”

दादांनी तिचा हात धरून तिला खाली नेलं. तिनं डोळे घट्ट मिटलेले. त्या दिवशी फॉर्मवर लिहिलं: पायऱ्या, तीन.

*

हा किस्सा मी घरी कधीच सांगितला नाही.

कमानिया गेटजवळ राहणाऱ्या एक काकू, आपल्या मराठीच. मी विचारलं, “दुखणं शून्य ते दहात किती?”

“शून्य. लिही शून्य.”

“सूज?”

“नाही.”

“ताप?”

“नाही गं बाई, फर्स्ट क्लास आहे मी!”

फोन ठेवणार, तेवढ्यात मागून सुनेचा आवाज आला, “मम्मी जी, पट्टी फिर गीली हो गई.”

डॉक्टरसाहेबांना सांगितलं आणि मेश्रामदादांच्या स्कूटरवर बसून तशीच निघाले. जखम चार दिवसांपासून गळत होती. वर हळदीचा थर.

दादा म्हणाले, “काकू, काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर पुन्हा उघडलं असतं ना तुम्ही!”

उघडावं लागलंच. जखम धुतली, गुडघा कसाबसा वाचला, आता काठी घेऊन चालतात. पण तेव्हापासून ‘शून्य’ ऐकलं की मी लगेच फोन ठेवत नाही, मागून कोण काय बोलतंय ते ऐकते. दहा म्हणणारा परवडला, तो निदान ओरडतो तरी.

*

आमचे डॉक्टरसाहेब धिप्पाड आहेत. ऑपरेशनमध्ये हातोडी अशी चालवतात की सुतारानं बघत बसावं. पण महिन्याच्या शेवटी मी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन केबिनमध्ये गेले की चेहरा पडतो. “पहले बुरे वाले बताओ. नहीं, रुको. पहले चाय.”

एकदा चहा घेताना लक्षात आलं, साहेब खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घेतात. उजवा पाय ओढतातही.

“सर, आपका भी घुटना?”

“पाँच साल से.”

“तो करवाते क्यों नहीं?”

साहेबांनी दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “मुझे मालूम है न, अंदर क्या होता है!”

मेश्रामदादा पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. आईच्या ऑपरेशनला तेव्हा आठ दिवस राहिले होते आणि घरी जाऊन मला तिच्यासमोर हसरं तोंड करून बसायचं होतं.

*

ऑपरेशनच्या सकाळी आई हिरवा गाऊन घालून पलंगावर बसली होती. चष्मा आणि बांगड्या माझ्या पर्समध्ये. आईनं सारी नोकरी पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात काढलेली. त्यामुळे पलंगावरसुद्धा ती ताठ बसते.

ऑपरेशनआधी धोक्यांचा कागद पेशंटला वाचून दाखवावा लागतो. एरवी तो मीच वाचते, त्या दिवशी मेश्रामदादा वाचणार होते. आई म्हणाली, “तू नको रे. हिला वाचू दे. साऱ्या दुनियेला वाचून दाखवते.”

मी वाचायला लागले. कागद हिंदीत, सांगत होते मराठीत. एक, जंतू लागू शकतात. दोन, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. तीन, चार, पाच... तोंडपाठच आहे मला. सहा, पायाची लांबी थोडी कमीजास्त होऊ शकते. आठ, बऱ्याच वर्षांनी नवा गुडघा झिजू शकतो, तेव्हा तो पुन्हा बदलावा लागेल.

“झालं. कर सही.”

आईनं पेन घेतलं नाही. “सहानंतर आठ?”

मेश्रामदादा खिडकीबाहेर बघायला लागले.

“काही नाही गं, तेच ते आहे.”

“शिल्पा. सात वाच.”

सातव्या ओळीत लिहिलंय, की क्वचित पेशंटचा जीवही जाऊ शकतो. आजवर कितीतरी लोकांना मी ती ओळ मान वर न करता वाचून दाखवली असेल. त्या दिवशी दोनदा सुरू केली आणि दोनदा थांबले. दादा खिडकीपासून आले आणि त्यांनी कागदाचं दुसरं टोक धरलं. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत वाचली.

आईनं पूर्ण ऐकून घेतलं. माझ्या पाठीवर हात ठेवला.

“अच्छा,” ती म्हणाली. “चल, आता आठ.”