आधी दारात जाऊन ये

कॅनडाला निघालो त्या सकाळी करमाडच्या आमच्या अंगणात सगळी मंडळी जमली होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली ती थेट नोहाच्या जलप्रलयापासून. ते मोशेपर्यंत पोचले तोवर जीपवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मग आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बापा, ह्याला थंडी लई वाजती. बघ. आमेन."

एवढंच. बर्फात पाय ठेवला की अजून ती प्रार्थना कानटोपीसारखी आठवते.

आई गावात संडे स्कूल घ्यायची आणि मी तिथला नटसम्राट. आठ वर्षांचा असताना मी पाळकसाहेबांचा आवाज काढून, हात आभाळाकडं करून, विधवा, अनाथ आणि रोगी अशा सगळ्यांसाठी कळवळून प्रार्थना केली. पोरं थक्क! मी एक डोळा किलकिला करून टाळ्यांची वाट बघत होतो.

आई म्हणाली, "झालं नाटक? कोण आजारी हाय रे?"

"सगळेच."

"सगळे म्हंजे कुणीच नाय. नाव सांग."

सुचलं ते बोललो, "पंक्चरवाले रहीमचाचा. पाय मोडलाय त्यांचा."

"गेला व्हतास त्यांच्याकडं?"

"नाय."

"मग देवाला काय सांगतोस? आधी दारात जाऊन ये."

गेलो. चाचा बाजेवर पडून सायकलच्या तारेनं प्लास्टरच्या आत खाजवत होते. "आओ पादरीसाब!" म्हणाले, आणि तार माझ्याच हातात दिली. पुढच्या रविवारी मी साध्या आवाजात म्हणालो, "बापा, चाचांना प्लास्टरच्या आत खाज सुटती. तार पोचत नाय. तेवढं बघ." पोरं खो खो हसली. आई हसली नाही. माझ्या प्रार्थनेला ती पहिल्यांदा मोठ्यानं "आमेन" म्हणाली.

आता इथं चर्चच्या बेसमेंटमध्ये मी मुलांना शिकवतो. आपल्याच लोकांची मुलं, पण अख्ख्या जगातल्या गरिबांसाठी फाडफाड इंग्रजीत प्रार्थना करतात. मी आईचाच डाव टाकतो: नाव सांगा, आधी दारात जाऊन या. मग ती शेजारच्या म्हाताऱ्या आजींची बेल वाजवतात आणि त्यांच्या मांजराचं दुखणं घेऊन येतात. प्रार्थना लगेच आखूड होते, आणि खरी.

आई आता शहरात थोरल्या भावाकडं असते. गुडघ्यांनी तिला अंथरुणाला खिळवलंय. परवा व्हिडिओ कॉलवर मी ऐटीत म्हणालो, "आई, तुझ्या गुडघ्यांसाठी रोज प्रार्थना करतो."

तिनं चष्मा वर केला. "दारात येऊन गेला व्हतास का?"

"अगं, दिसतेस की फोनवर!"

"फोनवर माझं नाक दिसतं बाबा. गुडघं नाय."

हसलो दोघंही. पण फोन ठेवल्यावर प्रार्थनेला बसलो, तर शब्दच येईनात. तिचे गुडघे आता कसे दिसतात, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. गाव सोडून माझ्यासारखे दूर आलेले तुम्ही, तुमचंही असं होत असेल. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आता एवढंच सांगेन: जिथं जाऊन आल्याशिवाय देवापुढं तोंड उघडत नाही, ते दार.

शेवटी म्हणालो, "बापा, मला तिच्या दाराची लई आठवण येती. बघ."

तिकीट काढलंय. आमेन मात्र अजून म्हटलेलं नाही. ते तिच्या दारात उभा राहून म्हणेन. मोठ्यानं म्हणायला तीही असेल.