पंचवीस इंचांची खुर्ची

लालबागला आमच्या चाळीत तळमजल्यावर, जिन्याला लागून पहिल्याच खोलीत रमाकांत सामंत राहतात. आम्ही बायका त्यांना भाऊजी म्हणतो. फोर्टमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात चौतीस वर्षं ते ड्राफ्ट्समन होते. लोकांची घरं कागदावर मापात आखायची, हे काम. स्वतः मात्र जन्मापासून दहा बाय बाराच्या खोलीत. कोणी टोकलं तर म्हणायचे, "मी आखलेल्या एकेका बाथरूममध्ये आमची अख्खी खोली मावते, वर मोरीला जागा उरते."

चार वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, लतिकावहिनींना, झटका आला. डावी बाजू गेली ती गेलीच. तेव्हापासून चाकांची खुर्ची. रोज सकाळी भाऊजी त्यांना ढकलत टोकाच्या सामाईक संडासापर्यंत नेतात, बादली वहिनींच्या मांडीवर. ती दोन मिनिटं नळावरच्या आम्ही सगळ्या खाली बघतो. आंघोळ खोलीतल्या मोरीत, पडदा ओढून. वहिनी मालवणकडच्या. एकदा मला म्हणाल्या, "माका दुसरा कायएक नको गे. एकदा दार लावन न्हावचा आसा."

म्हणून चाळ पाडून टॉवर होणार असं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्या खोलीत झाला. बिल्डरने प्लॅन वाटले. भाऊजींनी जुना चष्मा काढला, पट्टी लावली आणि दोन दिवसांनी आमच्याकडे आले. आमचे हे कमिटीचे सेक्रेटरी.

"बाथरूमचं दार अडीच फूट दिलंय. चौकट बसली तरी खुर्ची जाते," भाऊजी म्हणाले. "बाकी खोट काढण्यासारखं बरंच आहे, पण दार चांगलं आहे."

खोट मला दिसली होती. संडास-बाथरूम बरोबर ईशान्येला. देवाच्या दिशेला संडास, आणि अशा घरात आपण जन्मभर राहायचं? माझ्या जिवाला काही ते पटेना. मी, शेजारची प्रिती आणि चाळीतल्या आणखी सात-आठ जणी प्लॅन घेऊन गिरगावातल्या गुरुजींकडे गेलो. त्यांनी होकायंत्र ठेवून पाहिलं आणि सांगितलं, देव्हारा ईशान्येला घ्या, संडास सरकवा. बिल्डरच्या ऑफिसातल्या अभयला आम्ही तसं कळवलं. वाटलं होतं, वाद घालेल. तो म्हणाला, "काकू, देवाचं काम आधी. लगेच करून देतो." आठवड्यात नवा प्लॅन आला. ईशान्येच्या कोपऱ्यात देव्हाऱ्याचा कोनाडा, वर छोटी घंटासुद्धा काढलेली. अख्ख्या चाळीत मी पेढे वाटले. भाऊजींच्या हातावर पण ठेवला.

त्याच दिवशी संध्याकाळी ते नवा प्लॅन घेऊन आले. पेढा अजून रुमालात होता. मला म्हणाले,

"वहिनी, कोनाड्यासाठी भिंत आत घेतलीय. दार झालं सव्वादोन फूट. चौकट गेली की उरतात चोवीस इंच. हिची खुर्ची पंचवीस आहे."

हे म्हणाले, "एका इंचाने काय होतं हो सामंत?"

"एका इंचाने ही बाहेर राहते."

दारापुढेच त्यांचं म्हणणं थांबलं नाही. स्वयंपाकघराची खिडकी आता पाइपांच्या बोळात उघडणार होती. समोरच्या ओळीतली घरं आरशातल्यासारखी उलटी, म्हणजे तिथे तोच देव्हारा वायव्येला जात होता. "त्यांनी काय देव उलटे बसवायचे?" असं म्हणाले, पण हसले नाहीत. त्यांचं मागणं एवढंच होतं की सह्या करण्याआधी बाहेरच्या, बिल्डरशी संबंध नसलेल्या आर्किटेक्टला प्लॅन दाखवू. पंधरा दिवस द्या.

मीटिंगमध्ये त्यांनी हे मांडलं तेव्हा पहिल्यांदा प्रितीच उठली. "दाखवलाय की जाणकाराला. गुरुजींनी बघूनच तर बदलला. आता किती जणांना दाखवायचा?"

"गुरुजींनी दिशा बघितली. दार कोणी बघितलं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सामंत, तुम्हाला ऑफिसची आठवण येतेय." हशा पिकला. सह्यांसाठी अक्षय्य तृतीया धरली होती, तो मुहूर्त मीच काढून आणला होता. पंधरा दिवस थांबलो तर तो टळत होता.

मग भाऊजींनी एक केलं. अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या रविवारी ते पहाटेच खडू, टेप आणि सुतळी घेऊन चौकात आले, आणि खऱ्या मापाचं अख्खं घर फरशीवर आखलं. हॉल, किचन, बेडरूम, भिंतीची जाडीसुद्धा दोन रेघांनी दाखवलेली. दहापर्यंत सगळी चाळ गोळा झाली. त्यांना वाटलं होतं, लोकांना अडचण डोळ्यांनी दिसेल.

झालं उलटंच. भिंती नाहीत, वर मोकळं आभाळ. ज्याला त्याला घर मोठंच वाटलं. पोरं हॉलमधून बेडरूममध्ये धावली. हे किचनमध्ये उभे राहून म्हणाले, "ऐसपैस आहे की!" प्रितीने ईशान्येच्या कोनाड्यात रांगोळीचं स्वस्तिक काढलं. मी त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. माझ्यापाठोपाठ बायकांची रांग लागली.

भाऊजींनी लतिकावहिनींना बाहेर आणलं. खुर्ची बाथरूमच्या दाराशी नेली आणि हळूच पुढे ढकलली. ती सरळ आत गेली.

"गेली की!" चार-पाच जण एकदम म्हणाले. कोणी टाळ्या पण वाजवल्या.

भाऊजी खाली वाकले. डाव्या चाकाखालची खडूची रेघ पुसली गेली होती. तिथे बोट ठेवून म्हणाले, "ही भिंत आहे. चाक भिंतीवरून गेलं."

पण लोक एव्हाना खडूच्या बाल्कनीत पोचले होते. ती रेघ मी पाहिली. दोन बोटं पुसलेली होती, जास्त नाही. आणि ती कोनाड्याच्या बाजूचीच होती.

अक्षय्य तृतीयेला सह्या झाल्या. भाऊजी तीन दिवस अडून राहिले. हे दोनदा समजवायला गेले, मग बोलायचं सोडलं. चौथ्या दिवशी वहिनी त्यांना म्हणाल्या, "सही कर रे. माझ्यासाठी चाळ कित्याक खोळंबूक होई? मीच बारीक होतंय." त्यांनी सही केली.

तरी ते स्वस्थ बसले नाहीत. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला गौतम म्हणून तरुण आर्किटेक्ट आहे, दादरला बसतो. त्याला नेऊन प्लॅन दाखवला. त्याने चार पानं लिहून दिली. भाऊजींनी काढलेली एकूण एक खोट त्यात होती, वर एक जास्तीची, की लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावणार नाही. गौतम त्यांना म्हणाला, "काका, तुम्ही बरोबर होतात. सह्यांच्या आधी हे कागद असते तर मी स्वतः मीटिंगला येऊन बसलो असतो."

ती पानं घेऊन ते अभयकडे गेले. मीही गेले. म्हटलं, कोनाडा मी मागितला, तो नको म्हणूनही मीच सांगते. निदान सामंतांच्या एका घरात तरी भिंत मागे घ्या.

अभय नेहमीसारखाच गोड बोलला. "काकू, त्या भिंतीतून वरपासून खालपर्यंत पाइप जातात. एका घरात भिंत सरकत नाही. दुसऱ्या बाजूला खांब आहे. आणि प्लॅन आता मंजुरीला गेलाय." मग हसून म्हणाला, "अरुंद खुर्ची मिळते हो बाजारात."

अरुंद खुर्चीत भाऊजींनी वहिनींना हिंदमाताजवळच्या दुकानात आधीच बसवून पाहिलं होतं. वहिनींच्या मांड्या दोन्हीकडून घासल्या गेल्या. चार दिवस जखमा राहिल्या.

घरी येऊन मी देवापुढे बसले. देवावर राग धरावा तर तो त्या कोपऱ्यात बसायला कधी आलाच नव्हता, मीच त्याला नेऊन बसवत होते. काय मागावं ते सुचेना. मी वात पुढे केली आणि उठले.

पुढच्या महिन्यात खोल्या रिकाम्या करायच्यात. चाळीत सामान बांधण्याची घाई आहे. भाऊजींच्या खोलीत अजून एकही खोकं भरलेलं नाही. दुपारी लोक पडले की ते दाराबाहेर खडूने चोवीस इंचांच्या दोन खुणा करतात, खुर्ची त्यांच्यापाशी लावतात आणि वहिनींना काखेत धरून उभं करतात. घर बदलत नाही, तर हिला बदलायचं. दारात खुर्ची सोडून आत तीन पावलं, मग वळून बसायचं. एवढ्याला वीस मोजेपर्यंत पायांवर उभं राहायला हवं, असं गौतमने सांगितलंय. भाऊजी पाठीमागून हळू आवाजात मोजतात.

सोमवारी वहिनी सातापर्यंत आल्या होत्या. आज पाचालाच गुडघा दुमडला. भाऊजींनी त्यांना खुर्चीत बसवलं, पदर सारखा केला आणि म्हणाले, "परत."

"नको रे," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी काखेत हात घातला आणि एकपासून मोजायला लागले.